लहानाने आधी बोलायचं

"झकास जमलंय भाषण," शिट्टी म्हणाला आणि कागद तिला परत दिला. "मुख्य म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांचं कुठे काही काढलं नाहीस. मला खरं तर धाकधूक होती. निरोपाच्या दिवशी माणूस भावनेच्या भरात काहीबाही बोलून बसतं."

"कुठल्या डोळ्यांचं?" तिने विचारलं.

शिट्टी हसला. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. हातातला कप कलला, चहा बशीत सांडला. "म्हणजे तुला माहीत नव्हतं?"

आता ही बाई कोण आणि हा शिट्टी कोण, ते आधी सांगायला हवं. कापड रंगवायचा कारखाना होता. त्यातल्या शेडच्या, म्हणजे रंगछटा जुळवायच्या, खोलीची ती प्रमुख, आणि आज तिचा कामाचा शेवटचा दिवस. सगळे तिला खात्री म्हणायचे. नवे लोक खात्रीताई म्हणायचे, इतकाच काय तो फरक. कारण कुठलीही शेड पास केली की तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "बरोबर वाटतंय, पण एकदा खात्री करून घ्या हं." घरीसुद्धा तेच. कुलूप लावलं की ओढून बघायची, जिन्यावरून परत वर जायची, पुन्हा ओढायची. मुलगी म्हणायची, "आई, श्वास चालू आहे ना तुझा? एकदा खात्री करून घे." कारखान्यात तिच्या नजरेला तोड नव्हती. पण हे तिच्याखेरीज सगळ्यांना पटलेलं होतं.

शिट्टी बॉयलरवरचा माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, पण आजच्या समारंभाला मुद्दाम आलेला. बॉयलरची शिट्टी वाजायच्या आधी हा स्वतः वाजवायचा म्हणून ते नाव पडलं. पोटात काही राहत नाही अशी त्याची ख्याती. आणि अशा माणसाने इतकी वर्षं एक गोष्ट पोटात ठेवली होती, याचंच पहिलं नवल.

तिच्या भाषणात काय होतं, तेही सांगतो. सगळं भाषण मास्तरांबद्दल होतं. ती कामाला लागली तेव्हा शेडची खोली मास्तरांची होती. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवतं, असाच रंग हवा म्हणून. मग लहान भांड्यात नमुना रंगवायचा, वाळवायचा, आणि मोठ्या खिडकीपाशी नेऊन दोन्ही तुकडे शेजारी धरायचे. थोडा लाल कमी पडतोय, जरा हिरव्याकडे झुकतोय, असं जे दिसेल ते सांगायचं आणि त्याप्रमाणे रंग वाढवायचा. दुसऱ्या कारखान्यांत काय चालतं? मास्तर बोलणार आणि बाकीचे माना डोलावणार. इथे उलट. मास्तर दोन्ही तुकडे हातात धरून खिडकीत उभे राहायचे आणि म्हणायचे, "बोल." कोवळी पोर, परवा कामाला लागलेली, तिने बोलायचं. ते ऐकून घ्यायचे, थोडा वेळ गप्प राहायचे, मग म्हणायचे, "कर तसं." चुकलं तर पुढच्या नमुन्यात तिचं तिलाच कळायचं. कधी आवाज चढवला नाही, कधी हसले नाहीत.

लहानाने आधी बोलायचं, असा त्या खोलीचा नियमच होता. मोठा आधी बोलला की लहानाला तेच दिसायला लागतं, म्हणून. तिने हा नियम डोक्यावर घेतला. मास्तर निवृत्त झाल्यावर तिने तो पुढे चालवला, प्रत्येक नव्या मुलामुलीला शिकवला, साहेबांच्या गळी उतरवला, दुसऱ्या शाखांमध्ये न्यायला लावला. बाहेरून लोक बघायला यायचे. ती अभिमानाने सांगायची, हे आमच्या मास्तरांचं. आज नव्या शेडरूमच्या दारावर त्याच नियमाची, खाली मास्तरांचं नाव कोरलेली पितळी पाटी लागणार होती आणि मास्तरांच्याच हातून तिच्यावरचा पडदा निघणार होता.

"कुठल्या डोळ्यांचं, शिट्टीदादा?" तिने पुन्हा विचारलं. आवाज तिलाच ओळखू आला नाही.

शिट्टीने उठून दार लावलं. आता लपवून तरी काय उपयोग होता? "तू यायच्या थोडं आधी मास्तरांना मोठा ताप आला होता. त्यातून उठले, पण डोळ्यांत काहीतरी गेलं. लाल आणि हिरवं त्यांना सारखंच दिसायचं. चिखल, म्हणायचे. गडद-फिकं अगदी बरोबर कळायचं, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. पण शेड? शेड काय डोंबल जुळवणार?"

ती स्टुलावर बसली.

"बॉयलरमागे येऊन रडले होते ते. एवढा मोठा माणूस. घरात बायकोचं आजारपण, दोन पोरं शिकणारी, दुसरं काही येत नाही. मग मी आणि कुलूपने डोकं चालवलं." कुलूप म्हणजे कोठारावरचे काका. ते आता या जगात नव्हते. "एक चांगल्या नजरेचं पोर शोधायचं आणि मास्तरांच्या हाताखाली द्यायचं. मास्तरांनी विचारायचं, पोराने सांगायचं. तुला आठवतं, पहिल्या दिवशी कुलूपने तुला दोऱ्याची रिळं लावायला बसवलं होतं?"

आठवत नव्हतं तर काय! सगळी मिसळलेली रिळं होती, रंगांप्रमाणे लाव म्हणाले होते. तिला वाटलं होतं, नवीन पोरीला झाडलोटीचं काम दिलंय. तोंड वाकडं करत तिने ते उरकलं होतं.

"तुझ्या आधी आणखी काही जणांना बसवलं होतं आम्ही," शिट्टी म्हणाला. "तू सगळी लावलीस, वर दोन रिळं बाजूला काढून म्हणालीस, ही इथली नाहीत, दुसऱ्या घाण्यातली, वेगळ्या वेळी रंगवलेली आहेत. कुलूप धावत माझ्याकडे आला. म्हणाला, सापडली."

आयुष्यभर ती सांगत आली होती, मला मास्तरांनी निवडलं. मुलाखतीत सांगितलं होतं, घरी सांगितलं होतं, आता हातातल्या कागदावरही पहिल्याच ओळीत तेच होतं. आणि निवडलं कोणी, तर एका कोठारवाल्याने आणि एका बॉयलरवाल्याने, तेसुद्धा रिळं मांडून.

"आणि नियम?" तिने विचारलं. "लहानाने आधी बोलायचं, हा नियम?"

शिट्टीने मान खाली घातली. "तो कुलूपच्या डोक्यातून निघाला. मालक खोलीत आले की मास्तर आधी का बोलत नाहीत, हे कोणी विचारू नये म्हणून. नियमच आहे म्हटलं की झालं."

तिला एकेक गोष्ट दिसू लागली, आणि दिसली की थांबवता येईना. मास्तर स्वतःहून बोलायचे ते फक्त "फिकं आहे, वाढव" किंवा "जड झालंय" एवढंच. लाल हा शब्द त्यांच्या तोंडून तिने एकदाही ऐकला नव्हता. हिरवा नाही. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून त्या खिडकीत उभी राहिली आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही! कापडातला केसाएवढा फरक टिपणारी बाई, आणि शेजारचा माणूस दिसला नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली, मग राग आला, आणि राग नेमका कोणाचा ते कळेना.

"तो दिवा," ती एकदम म्हणाली.

मुलीच्या जन्माच्या वेळी ती रजेवर होती. तेवढ्या काळात कोटाच्या कापडाचा एक अख्खा लॉट तपकिरीऐवजी शेवाळी निघाला. मोठा गहजब झाला होता. ती परत आली तेव्हा खोलीत नवा कोरा दिवा होता आणि सगळे सांगत होते की जुना दिवा बिघडला होता, त्याच्या उजेडात शेड फसली. कोणालाही पटेल अशी गोष्ट. दिव्याने शेड फसते, हे या धंद्यात लहान मूलही सांगेल. ती स्वतः नव्या मुलांना तो किस्सा रंगवून सांगायची, दिव्यावर कधी विसंबू नका म्हणून.

"दिवा चांगला होता," शिट्टी म्हणाला. "मीच रात्रपाळीला त्याचा आरसा फोडला. आणि मग आम्ही तुझ्या घरी आलो होतो बघ, लवकर ये म्हणायला. मास्तरांना करमत नाहीये म्हणून."

हो, आले होते. दाराशी तिघे, मास्तर मधे, हातात बाळासाठी लोकरीची टोपी. तिला भरून आलं होतं. नवरा म्हणाला होता, अजून थोडे दिवस घरी राहा. पण ती म्हणाली होती, मास्तर स्वतः आलेत, नाही कसं म्हणू? बाळ सासूकडे ठेवून ती कामावर रुजू झाली.

आता एकच गोष्ट उरली होती. ती विचारायला तिची जीभ रेटेना. कारण त्या एका गोष्टीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं.

रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीतले एक साहेब एकदा त्यांच्या कारखान्यात आले होते. त्यांनी दिवसभर तिचं काम बघितलं आणि जाताना म्हणाले, आमच्या प्रयोगशाळेत या, जागा आहे, पुढचं शिक्षणही आम्हीच करू. ती हवेत होती. नवरा तर सामान बांधायलाच निघाला. पण ती म्हणाली, आधी मास्तरांना विचारते. मास्तरांना विचारल्याशिवाय ती पाणी पीत नव्हती त्या काळात. मास्तर म्हणाले, "जा की. मी कोण अडवणारा? पण नजर अजून कच्ची आहे तुझी. इथे मी आहे म्हणून चालतं. तिथे हसं होईल." ती गेली नाही. नवरा बरेच दिवस धड बोलला नाही. आणि ते कच्ची नजर जे डोक्यात बसलं, ते बसलंच. तेव्हापासून प्रत्येक शेडवर ती म्हणू लागली, एकदा खात्री करून घ्या.

"शिट्टीदादा, प्रयोगशाळेचं..." एवढंच ती म्हणाली.

शिट्टी उठून खिडकीशी गेला. तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "मी सांगितलं होतं त्यांना, पोरीला जाऊ द्या. कुलूपनेही सांगितलं होतं. पण तू गेली असतीस तर मास्तरांना दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागलं असतं. मग आम्हीही मूग गिळून बसलो. चुकलंच आमचं. मला इतकी वर्षं वाटायचं की तुला पुढे कधीतरी उमगलं असेल आणि तू मोठ्या मनाने सोडून दिलं असशील."

"मी काही सोडून दिलेलं नाही," ती म्हणाली. "मला धरायलाच मिळालं नाही."

बाहेर गाडीचा आवाज झाला. मास्तर आले होते.

साहेबांच्या केबिनबाहेरच्या खोलीत त्यांना बसवलं होतं. किती वाळले होते! सोबत सून होती. खात्री दारात दिसताच त्यांचा चेहरा खुलला. "आली का माझी पोरगी! बघ गं," ते सुनेला म्हणाले, "हीच ती. माझ्या हाताखाली तयार झाली." सुनेने ओळखीचं हसून घेतलं. हे वाक्य तिने घरी शंभरदा ऐकलेलं असणार.

"ताई, जरा पाणी आणता का?" ती सुनेला म्हणाली. सून गेली. मग तिने काही प्रस्तावना केली नाही. "मास्तर, तुम्हाला रंग दिसत नव्हते."

मास्तर म्हणाले, "शिट्टी बरळला वाटतं. त्याचं तोंड आधीपासूनच फाटकं." मग हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तुला कळलंय. तुझ्यासारखीला कळणार नाही कसं?"

"ते जाऊ दे. तुमचं पोट होतं त्यावर, मला कळतं ते. तुम्ही सरळ मागितलं असतं तरी मी तेच केलं असतं तुमच्यासाठी." तिने खुर्ची जवळ ओढली. "पण मी प्रयोगशाळेचं विचारायला आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, नजर कच्ची आहे. का म्हणालात?"

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. छताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "असं म्हणालो मी? नाही बुवा. मला नाही आठवत. मी कशाला तुला असं म्हणेन? मी कधी कोणाला अडवलं नाही."

झालं! पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती आता सरकली. शिट्टीने सांगितलं ते एक वेळ तिने सोसलं असतं. पण ज्या शब्दांवर तिने नवऱ्याशी भांडण केलं, ज्या शब्दांमुळे रात्र रात्र कुलपं ओढून पाहिली, ते शब्द बोलणाऱ्याच्या लक्षातच नव्हते. बोलले आणि विसरले. ती तोंड उघडून बघतच राहिली. तेवढ्यात सून पाणी घेऊन आली आणि मागोमाग साहेबांचा माणूस बोलवायला आला.

सभागृह भरलं होतं. नवरा पहिल्या रांगेत, शेजारी मुलगी. साहेबांनी मास्तरांच्या दूरदृष्टीचं तोंडभरून कौतुक केलं. लहान माणसाला आधी बोलू देणारा असा मोठा माणूस आज शोधून सापडणार नाही, वगैरे. टाळ्या झाल्या. शिट्टी अगदी मागे, खांबाआड उभा होता. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

ती माईकसमोर उभी राहिली. कागद उघडला, पहिली ओळ बघितली आणि कागद मिटला. आभार मानायचे नाहीत, तर खोटारडी नव्हे पण कृतघ्न ठरेन. ठरलेलं वाचायचं, तर उरलेला जन्म स्वतःच्या तोंडाकडे बघता येणार नाही. डोळ्यांचं बोलायचं, तर या वयात त्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर. एवढा सगळा विचार तिने उभ्या उभ्या केला, आणि लोकांना वाटलं की बाईंना गहिवरून आलंय.

"मला मास्तरांचे आभार मानायचे आहेत," ती म्हणाली. "शेडच्या खोलीत माझं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. मी काल आलेली पोर होते तरी. दुसरीकडे कुठे मला कोणी तोंड उघडू दिलं नसतं. मी जे काही आहे ते त्या खिडकीत झाले. त्याचे आभार, अगदी मनापासून."

टाळ्या सुरू झाल्या. तिने हात वर केला.

"थांबा. अजून आहे. एकदा मला इथून पुढे जायची संधी आली होती. तेव्हा मास्तर म्हणाले, तुझी नजर कच्ची आहे. मी ते खरं मानलं. आज चहाच्या वेळी मला कळलं की ते खरं नव्हतं, आणि त्यांनाही ते माहीत होतं. मग आता आभार कसे मानायचे, ते मला समजत नाहीये. पहिल्याचे मानले. दुसऱ्याचं काय करू? मला राग आलाय. आज येईल असं वाटलं नव्हतं, पण आलाय. तुम्ही इतकं कौतुक करताय आणि मी हे बोलतेय, मला माफ करा. पण लहानाने बोलायचं, हेच मी तुम्हाला शिकवत आले."

साहेबांच्या चेहऱ्यावर काय करावं ते न कळल्याचा भाव. तिच्या मुलीने बापाचा हात घट्ट धरला होता. नवरा तिच्याकडे असा बघत होता, की जणू इतक्या वर्षांनी त्याच्या बाजूने कोणीतरी बोललं.

आणि मास्तर उठले. सुनेने बाही ओढली, "बाबा, बसा ना." त्यांनी हात झटकला. माईकपर्यंत जायची ताकद नव्हती, जागेवरूनच बोलले. आवाज कापत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"मला लाल-हिरवं दिसत नाही. ही यायच्या आधीपासून. इथल्या शेडी हिने जुळवल्या, मी नाही. तो नियम माझं झाकण्यासाठी होता. ती पाटी काढा किंवा ठेवा, पण माझं नाव त्यावर नको."

सभागृहातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. सून खुर्चीतून अर्धी उठलेली तशीच थिजली. तिलाही माहीत नव्हतं!

"आणि मघाशी," मास्तर तिच्याकडे वळून म्हणाले, "मघाशी मी तुला म्हणालो, आठवत नाही. आठवतं. तू खिडकीत होतीस. हातात निळा तुकडा होता. निळा मला दिसतो. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून त्या तुकड्याकडे बघत बोललो. शब्द न् शब्द आठवतो. एक दिवस गेला नाही की आठवलं नाही."

ते खाली बसले. बसले कसले, कोसळले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती माईक सोडून पायऱ्या उतरली. सून आपोआप बाजूच्या खुर्चीवर सरकली आणि मधली जागा रिकामी झाली.

ती तिथे जाऊन बसली. मास्तरांनी हात तिच्यापुढे केला. तिने तो हातात घेतला नाही. पण ती उठूनही गेली नाही.